घरातला भार आणि बाहेरची सत्ता

ऊसतोडीच्या हंगामात मजूर मोजायचे ते ‘कोयत्या’ने. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतून असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजुरांची टोळी नेणारा मुकादम हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. काम दोघांचे असले तरी उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते आणि हंगामाचा हिशेबही त्याच्याशीच होतो. फडात बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेते. त्याआधी पहाटे उठून तिने भाकरी थापलेल्या असतात, आणि कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यावर पाणी, सरपण, चूल व लेकरे तिची वाट पाहत असतात. एखाद्या दिवशी अंग साथ देईना म्हणून ती फडात गेली नाही, तर खाडा धरला जातो आणि दंडाची रक्कम उचलीवर चढते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची देशभर चर्चा झाली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या अनेक जणी ऐन तारुण्यातल्या होत्या. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, सुट्टी नाही. डोक्यावरचे ओझे बाळंतपणानंतरही उतरत नाही. दुखणे अंगावर काढून दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो. साखर कारखाना, मुकादम, दवाखाना, सरकार आणि घर यांची कामे एरवी वेगवेगळी दिसतात. इथे ती सगळी एकाच बाईच्या शरीरावर येऊन पडतात.

स्त्री-पुरुष विषमतेवरच्या या पुस्तकाची ओळख उसाच्या फडापासून करून देण्याचे कारण एवढेच, की घर, संस्था आणि सार्वजनिक जीवन असे तीन कप्पे करून हा विषय समजत नाही. घरातली विषमता घरातच राहत नाही. आपल्या संस्था आणि आपले राजकारण त्या विषमतेच्या आधारावर उभे आहे. कार्यालयात सकाळी वेळेवर पोचणारा आणि रात्री उशिरापर्यंत थांबू शकणारा कर्मचारी, गावच्या बैठकीला केव्हाही उठून जाणारा पुढारी, मुलाच्या तापाची चिंता न करता परगावी मुक्काम करणारा अधिकारी, या सर्वांच्या पाठीशी बिनमोल राबणारे कोणीतरी असते. हे ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा स्त्री असते. तिच्या वेळेचा हिशेब कुठेच मांडला जात नाही, म्हणून पुरुषाची मोकळीक ही त्याची स्वतःची कर्तबगारी वाटते.

हा हिशेब मांडण्याचा मोठा प्रयत्न राष्ट्रीय नमुना पाहणीच्या वेळवापर सर्वेक्षणाने केला. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषांचीही जवळपास तेवढीच घटली. भार थोडा हलका झाला असेल; त्याची वाटणी बदललेली नाही. शिवाय ही सरासरी केवळ घरकाम करणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये अशा कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के होत्या, तर पुरुष जेमतेम २६ टक्के. चारपैकी तीन पुरुष त्या दिवशी घरकामाला शिवलेच नव्हते.

या आकड्यांत न मावणारे कामही बरेच असते. डाळ संपत आली हे लक्षात ठेवणे, सासूच्या गोळ्यांची वेळ, मुलाच्या शाळेतली सूचना, दिराच्या घरच्या बारशाचा आहेर, उद्याच्या डब्याचा विचार. नवरा ‘मदत’ करतो तेव्हाही काय करायचे हे बायकोने सांगायचे असते. घराची जबाबदारी तिची आणि मदत त्याची, ही समजूत जोवर टिकते, तोवर पुरुषाने केलेले काम उपकारासारखे दिसते आणि स्त्रीने न केलेले काम गुन्ह्यासारखे.

या कामाचे मोल कधीच ठरत नाही असेही नाही. रस्त्यावरच्या अपघातात गृहिणी मरण पावली की भरपाईच्या दाव्यात न्यायालयाला तिच्या श्रमाची किंमत ठरवावी लागते. २०१० मध्ये अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात टाकल्याबद्दल नापसंती व्यक्त केली होती. २०२१ मध्ये पुन्हा त्याच न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे हे ठामपणे मान्य केले. बाई जिवंत असताना जे काम कोणी मोजत नाही, ते ती गेल्यावर रुपयांत मोजले जाते, ही आपल्या व्यवस्थेची फार कठोर साक्ष आहे.

शरीराच्या बाबतीतही भाराची वाटणी अशीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के जणींनी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषाची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी आणि कमी जोखमीची आहे, हे वैद्यकशास्त्र जाणते. तरीही कुटुंब दोघांचे आणि टाके एकीचे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते खाण्याची रीत या आकड्यापासून फार लांब नाही.

घराचा दुसरा प्रश्न मालकीचा. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे इतरही कारणे होती, परंतु स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी मंत्रिपद सोडणारा नेता आपल्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला काही हक्क मिळाले, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती जन्मतः सहहिस्सेदार झाली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला, आणि २००५ पूर्वी वडील वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

कायदा इतका स्वच्छ झाला, तरी तलाठी कार्यालयात आणि दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रे होतच असतात. वडिलांच्या तेराव्यानंतर बहिणींना बोलावले जाते, साडी-चोळी होते आणि सह्या घेतल्या जातात. ‘बहिणीने स्वखुशीने सोडले’ असे सांगितले जाते. ही खुशी कुठून येते ते पाहायला हवे. सासरी काही बिनसले तर परत जायला एक दार असावे, दिवाळीला भाऊ न्यायला यावा, आपल्या मुलांना मामा असावा, यासाठी ती आपला हिस्सा देऊन टाकते. ज्या समाजात बाईला माहेराशिवाय दुसरा आधार नाही, तिथे त्या आधाराची किंमत जमिनीने चुकवावी लागते. हिस्सा मागणारी बहीण लोभी ठरते. सगळा हिस्सा ठेवून घेणाऱ्या भावाला कोणी लोभी म्हणत नाही.

याला छेद देणारे प्रयोगही याच मातीत झाले. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. ग्रामीण स्त्रिया तिथे प्रचंड संख्येने आल्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चे आवाहन केले. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा आणि तिच्या कष्टाच्या ऋणातून मोकळे व्हावे, अशी ती कल्पना होती. गावेच्या गावे त्यात उतरली. सातबाऱ्यावर नाव लागल्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण नवऱ्याच्या पश्चात तिला घराबाहेर काढणे अवघड झाले. कर्ज, पीक विमा, अनुदान यांची दारे ज्या कागदाने उघडतात, त्यावर तिचे नाव असणे याचा अर्थ तिला ‘शेतकरी’ म्हणून मान्यता मिळणे. शेतात सर्वाधिक राबणारी बाई अजूनही पुष्कळदा सरकारी नोंदीत शेतकऱ्याची बायको असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मान्यतेचे मोल कळते.

संस्थांकडे वळले की तिथेही घरातल्या याच गृहीतांशी गाठ पडते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले, त्यामागे सुरतच्या एका तरुण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात झालेल्या शिक्षेचे आणि त्यावर वर्तमानपत्रांतून उठलेल्या स्त्रीनिंदेचे निमित्त होते. न्यायालय एका बाईला शिक्षा देते आणि सगळा पुरुषवर्ग सगळ्या बायकांचा न्यायनिवाडा करू लागतो, हे त्यांना सहन झाले नाही. त्यानंतर पाचच वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना हुकूम दिला, की बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. त्यांच्या खटल्याने उठलेला वाद १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला पोषक ठरला.

जवळपास शतकानंतर, १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचे प्रकरण घडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या गोष्टीला त्या निकालात मोठे वजन होते. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात, रात्री, गरीब मुलीचे गप्प राहणे म्हणजे संमती कशी, असा त्यांचा सवाल होता. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. न्यायसंस्था बदलते, पण ती आपोआप बदलत नाही. कोणीतरी रस्त्यावर उतरून आणि कोणीतरी लेखणी उचलून तिला बदलायला लावते.

नोकरीच्या ठिकाणची गोष्ट निराळी नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा असे सुचवले. १९२९ मध्ये कायदा झाला. आज नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण तिचा बराचसा बोजा मालकावर पडतो, आणि खासगी क्षेत्रातल्या बापाला पितृत्वरजा देणारा केंद्रीय कायदा नाही. परिणाम असा, की मुलाखतीला आलेल्या तरुणीकडे पाहताना मालकाला तिचे संभाव्य बाळंतपण दिसते आणि तरुणाकडे पाहताना त्याचे बाप होणे दिसत नाही. मूल वाढवणे हे आईचेच काम आहे हा घरातला समज, चांगल्या हेतूने केलेल्या कायद्यातून कचेरीत शिरतो.

सरकार स्वतःही याला अपवाद नाही. गावोगावच्या अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या लसीकरण, गरोदर मातांची नोंद, पोषण आहार, सर्वेक्षणे अशी असंख्य कामे करतात. त्यांना मिळते ते मानधन. त्या कायम कर्मचारी नाहीत, ‘मानसेवी’ किंवा ‘स्वयंसेवक’ आहेत, ही भूमिका शासन धरून बसते. बाईने मुलांना सांभाळणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे हा तिचा स्वभावधर्मच, मग त्याला वेतन कशाला, हे घरातले गणित इथे सरकारी निर्णयांत उतरले आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तोही त्यांच्या प्रदीर्घ लढ्यानंतर.

इथे एक सावधगिरी हवी. ‘स्त्री’ असे एकवचनात बोलताना जात, धर्म आणि वर्ग विसरले जातात. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तिच्या लेखनात अस्पृश्य बाईचे बाळंतपण आहे, जे सोवळ्या घरातल्या विधवेच्या दुःखाहून वेगळे आहे. १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. हा इतिहास मुख्य प्रवाहातल्या स्त्री-चळवळीच्या नोंदीत फारसा नव्हता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून तो गोळा केला. १९६६ मध्ये हमीद दलवाई यांनी तोंडी तलाकविरोधात मुंबईत मोर्चा काढला, त्यात अवघ्या सात मुस्लिम स्त्रिया होत्या. तरी त्या चालल्या. आजही शहरातली एखादी बाई नोकरीत वर चढते तेव्हा तिच्या घरची भांडी दुसरी बाई घासत असते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण रजा, पगारवाढ आणि निवृत्ती हे शब्द त्या बायकांच्या वाट्याला क्वचितच येतात. पुरुषाने न उचललेला भार बहुधा गरीब घरातल्या दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जातो. त्याला समता म्हणता येणार नाही.

सार्वजनिक जीवनात स्त्रिया कमी का, याचे उत्तर आता शोधावे लागत नाही; ते घरातल्या भारातच आहे. तरीही स्त्रिया बाहेर पडल्या. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघरातला प्रश्न हा राजकारणाचाच प्रश्न आहे हे सरकारला कळले. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. लाखो स्त्रिया सत्तेच्या खुर्चीपर्यंत पोचल्या. अनेक ठिकाणी त्या खुर्चीवर ‘सरपंचपती’ बसला हे खरे, पण असंख्य जणी सही करता करता हिशेब विचारायला शिकल्या, पाण्याची टाकी आणि शाळेची भिंत विषयपत्रिकेवर घेऊ लागल्या. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारला इतर गावांनाही तसे आवाहन करावे लागले.

प्रतिकारही तितकाच चिवट आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या निवडून आलेल्या महिला सरपंचाला पदावरून दूर करण्यात आले. सरकारी जागेवरच्या घरात राहण्याचा आक्षेप तिच्यावर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा पदावर बसवताना, बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचले नाही अशा आशयाचे कडक निरीक्षण नोंदवले आणि अधिकाऱ्यांच्या यांत्रिक कारभारावरही बोट ठेवले. गावाच्या वर गेले की चित्र आणखी विरळ होते. ज्या राज्याने सावित्रीबाईंना घडवले, त्या राज्याला १९६० पासून एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी २५ जागांवरही स्त्रिया निवडून आल्या नाहीत. विधानसभा आणि लोकसभेत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधली गेली.

‘आता कुठे राहिली विषमता? दहावी-बारावीत तर मुलीच पुढे असतात’, असे अनेक जण म्हणतात, आणि प्रामाणिकपणे म्हणतात. त्यांनी निकालाच्या दिवसानंतर त्या मुलींचा माग काढावा. उत्तीर्णतेत मुलांच्या पुढे असलेल्या मुली वीस वर्षांनी प्राचार्यांच्या, संपादकांच्या, कारखान्याच्या संचालकांच्या, न्यायाधीशांच्या यादीत का दिसत नाहीत? त्यांची बुद्धी कमी झालेली नसते. मधल्या काळात त्यांच्या दिवसातले पाच तास घराने घेतलेले असतात, बदली आणि बढती मुलांच्या शाळेसाठी नाकारलेली असते, आणि उशिरा घरी येण्याबद्दल दोघांनी नाही, एकटीनेच उत्तर द्यायचे असते.

हे पुस्तक स्त्रियांनी वाचावेच, पण ज्यांच्या हाती अधिकार आहे त्या पुरुषांनी ते अधिक सावकाश वाचावे. त्यातून अपराधी भावना घेऊन उठणे पुरेसे नाही. वडिलांच्या पश्चात वारसनोंद करताना बहिणीला सहीसाठी बोलावण्याऐवजी हिश्श्यासाठी बोलवावे. साखर कारखान्यांनी करार जोडीशी न करता दोघांशी वेगळा करावा आणि बाईची मजुरी तिच्या खात्यावर द्यावी. पितृत्वरजा कायद्याने मिळावी आणि बापांनी ती घ्यावी. पाळणाघर, नळाचे पाणी आणि स्वच्छतागृह यांच्यावरचा खर्च समतेवरचा खर्च म्हणून अर्थसंकल्पात मोजला जावा. अंगणवाडी सेविकेला वेतन मिळावे. यातली एकही मागणी अशक्य नाही. प्रत्येक मागणी पूर्ण न होण्याची किंमत आज कोणती तरी बाई चुकवत आहे, एवढाच अडथळा आहे. ती किंमत सगळ्यांनी मिळून चुकवायची ठरवली, तर घर, कचेरी आणि ग्रामसभा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी बदल दिसू लागेल, कारण ती तिन्ही आजवर एकाच भारावर उभी राहिली आहेत.